पॅडल बोर्डची फिन कशी निवडायची? भाड्याच्या धंद्यातला छोटा पण महागात पडणारा निर्णय



स्टँड अप पॅडल बोर्ड भाड्याने देण्याच्या धंद्यावरचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यांच्यासाठी हा सोबतचा पाठ. व्हिडिओत आपण बोर्ड, वल्हं, लाइफ जॅकेट आणि जागा यांचा हिशोब केला. फिनबद्दल दोनच वाक्यं बोलून पुढे गेलो, कारण तो विषय शांतपणे वाचण्याचा आहे. कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठी सहा-आठ बोर्ड घेऊन सुरुवात करायची असेल, तर हा पाठ वही घेऊन वाचा.

बोर्ड घेताना लोक रंग बघतात, लांबी बघतात, पंपाची चौकशी करतात. फिन मात्र "सोबत येते ती ठीक आहे" म्हणून पिशवीत पडून राहते. पण तुमचा ग्राहक एक तास मजेत घालवणार, की गोल-गोल फिरून दमणार, की वाळूत अडकून तोंडावर पडणार, हे बऱ्याच अंशी त्या वीतभर तुकड्यावर ठरतं. ग्राहकाला फिन दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की "यांचे बोर्ड बेकार आहेत." आणि रिव्ह्यूमध्ये तो तेच लिहितो.

फिन नेमकं काय करते?

पतंगाला शेपटी लावली की तो गरगर फिरत नाही, बाणाला मागे पिसं असली की तो सरळ जातो. फिनचं काम तेच. तुम्ही उजव्या बाजूला वल्हं मारलं की बोर्डचं नाक डावीकडे वळतं. मागे पाण्यात फिन असेल तर ती शेपटाला बाजूला सरकू देत नाही, त्यामुळे वळण्याऐवजी जोर पुढे जाण्यात लागतो. फिन काढून बोर्ड चालवून बघा, दोन-तीन वल्ह्यांत तो तोंड फिरवतो.

हा शोध पॅडल बोर्डवाल्यांचा नाही, सर्फिंगमधून आला. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने १९३५ च्या सुमारास हवाईमध्ये आपल्या बोर्डला एका स्पीडबोटीच्या तळाची पट्टी बसवली, आणि घसरणारा बोर्ड ताब्यात आला. आज आपण जी फिन विकत घेतो, तिचं मूळ तिथे आहे.

दुकानदाराला विचारायच्या चार गोष्टी

१. खोली. बोर्डच्या तळापासून फिन किती खाली जाते. नेहमीच्या सर्वसाधारण बोर्डवर ८ ते १० इंचांची, म्हणजे साधारण २० ते २५ सेंटिमीटरची मधली फिन येते. फिन जितकी खोल तितका बोर्ड सरळ चालतो आणि थोडा स्थिरही वाटतो. पण तितकंच जास्त पाणीही लागतं.

२. पाया. फिन बोर्डला चिकटते तिथली तिची लांबी. पाया लांब असेल तर बोर्ड सरळ रेषेत चांगला जातो. म्हणून लांब पल्ल्याच्या फिन फार खोल नसल्या तरी पायाला रुंद असतात.

३. मागे झुकाव. काही फिन जवळजवळ उभ्या असतात, काही मागे झुकलेल्या. उभी फिन पटकन वळू देते. झुकलेली फिन मोठं वळण घेते, पण तिच्यावर शेवाळ, दोऱ्या, जाळ्याचे तुकडे अडकत नाहीत, घसरून जातात. शेवाळाच्या पाण्यासाठी खास खूप झुकलेल्या फिन मिळतात.

४. लवचिकपणा. मऊ प्लास्टिक किंवा रबरासारखी फिन दगडाला लागली तर वाकते आणि परत सरळ होते. फायबरग्लास किंवा कार्बनची फिन ताठ असते, पाण्यात कमी शक्ती वाया घालवते, पण दगडावर आपटली तर ती तुटते किंवा स्वतः वाचून बोर्डचा बॉक्स फोडते. भाड्याच्या धंद्यात ताठ आणि महाग फिन ही शान आहे, गरज नाही.

आता लक्षात घ्या, एकाच फिनमध्ये सगळं मिळत नाही. सरळ चालणं हवं तर वळणं जड होतं. उथळ पाण्यात चालायला हवी तर सरळपणा कमी होतो. तुमच्या पाण्याला आणि तुमच्या ग्राहकाला सोसेल ती फिन घ्यायची.

आधी पाणी ओळखा, मग फिन घ्या

*धरणाचं बॅकवॉटर किंवा खोल, शांत खाडी:* ८-९ इंचांची एक मधली फिन पुरे. नवखा माणूस सरळ जातो, त्याला आत्मविश्वास येतो, फोटो चांगले येतात.

*वाळूचे पट्टे, तिवरांची मुळं, कालवांचे खडक असलेली खाडी:* इथे ४ ते ५ इंचांची आखूड, मऊ, पायाला रुंद फिन. किंवा मधली आखूड आणि बाजूला दोन लहान फिन असलेला बोर्ड. तीन लहान फिन मिळून एका लांब फिनचं बरंचसं काम करतात, पण खोली कमी लागते. कालवाची कड सुरीसारखी असते, म्हणून फुगवायचा बोर्ड असेल तर अशा जागी रस्ताच बदला, फिनवर भरवसा ठेवू नका.

*जलपर्णी, शेवाळ, मासेमारीच्या दोऱ्या असलेलं पाणी:* मागे झुकलेली फिन. नाहीतर बोर्ड अचानक जड होतो, आणि ग्राहकाला वाटतं आपलीच ताकद संपली.

*छोट्या लाटांचा किनारा:* मधली ६ ते ८ इंचांची आणि बाजूला दोन छोट्या फिन. बाजूच्या फिन लाटेवर तिरकं जाताना बोर्ड घसरू देत नाहीत. पण नवख्या पर्यटकाला लाटांत सोडणं हा वेगळा धंदा आहे, त्याला प्रशिक्षक लागतो. पहिल्या हंगामात तिकडे जाऊ नका.

*लांब सफर, वाऱ्याचं उघडं पाणी:* रुंद पायाची सफरीची फिन. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की बोर्ड बाजूला ढकलला जातो, तिथे ही फिन मदत करते. तरी लक्षात ठेवा, वाऱ्यावरचं खरं औषध फिन नाही, वेळ आहे. सकाळच्या फेऱ्या जास्त ठेवा.

धंद्याची खरी अडचण: एकच खाडी, दिवसातून चार वेगळी पाणी

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. समजा तुम्ही कर्ली नदीच्या मुखाजवळ, देवबागच्या बाजूला, आठ बोर्ड ठेवले. सकाळी जिथे छातीभर पाणी होतं तिथे दुपारी घोट्याएवढं पाणी आणि वाळू असू शकते. ९ इंची फिन लावलेला बोर्ड वाळूला लागला की बोर्ड जागच्या जागी थांबतो, पण वर उभा असलेला माणूस थांबत नाही. तो पुढे फेकला जातो, तेही उथळ पाण्यात. मनगट, दात, मान, काहीही दुखावू शकतं. म्हणून फिनची निवड हा आधी सुरक्षेचा प्रश्न आहे, मग पैशाचा.

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीचा हिशोब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे साधारण ३ वाजता भरती, दुपारी आणि पहाटे दोन्हीकडे. तिथून सहा तासांनी ओहोटी. दोन्ही पक्षांना हाच हिशोब चालतो.

आता हा हिशोब तुमच्या फेऱ्यांवर मांडा.

अष्टमी: ८ ची पाऊणपट ६. भरती सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या आसपास, ओहोटी दुपारी १२ ला. म्हणजे सूर्यास्ताची फेरी भरल्या पाण्यात. शिवाय अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाण्याचा चढ-उतार कमी. लांब फिन चालेल.

पौर्णिमा आणि अमावस्या: १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सकाळी ११ च्या पुढे, ओहोटी संध्याकाळी ५ च्या पुढे. आणि ही उधाणाची भरती, म्हणजे ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं. आता बघा, सगळ्यात जास्त मागणी कोणत्या फेरीला? सूर्यास्ताच्या. पौर्णिमेला तर चांदण्यासाठी लोक मुद्दाम येतात. म्हणजे ज्या संध्याकाळी ग्राहक सगळ्यात जास्त, त्याच संध्याकाळी पाणी सगळ्यात कमी. त्या दिवशी आठही बोर्डांना आखूड फिन लावलेली हवी, आणि रस्ता खोल प्रवाहाच्या बाजूने आखलेला हवा. मुखाकडे मात्र जायचं नाही, तिथे ओहोटीचा ओढा समुद्राकडे खेचतो.

हा पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचा आहे. प्रत्येक जेट्टीवर वेळ थोडी पुढे-मागे असते, खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते. म्हणून तुमच्या भागाचं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक घ्या, आणि एक बांबू पाण्यात रोवून त्यावर इंचांच्या खुणा करा. पंधरा दिवस दर दोन तासांनी नोंद ठेवा. गावातल्या होडीवाल्या काकांना विचारा, "काका, वाळू कुठे सरकलीय या वर्षी?" पावसाळ्यानंतर पट्टे जागा बदलतात. ही माहिती कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही.

एक साधा नियम फळ्यावर लिहून ठेवा: रस्त्यात सगळ्यात उथळ जागी फिनच्या खोलीच्या किमान तिप्पट पाणी हवं. ९ इंची फिनला २७ इंच, साडेचार इंची फिनला साडेतेरा इंच. तेवढं नसेल तर फिन बदला. फिन बदलूनही जमत नसेल तर तेवढा टप्पा ग्राहकाने गुडघ्यावर बसून जायचं. तेही शक्य नसेल तर फेरी रद्द. पैसे परत दिलेला ग्राहक परत येतो, दात पडलेला येत नाही.

फिन बसते कशी? इथे पैसे अडकतात

फिन विकत घेण्याआधी बोर्डखालचा बॉक्स बघा. मुख्य प्रकार असे:

- लांब खाचेचा बॉक्स, ज्याला यूएस बॉक्स म्हणतात. मागे पिन, पुढे स्क्रू आणि खाचेत सरकणारी छोटी चौकोनी पट्टी. यात फिन पुढे-मागे सरकवता येते. मागे सरकवली की बोर्ड जास्त सरळ, पुढे आणली की वळायला सोपा. अनेक कंपन्यांच्या फिन यात बसतात.
- सरकवून क्लिप लावायचा बॉक्स. स्वस्त फुगवायच्या बोर्डांवर हा खूप दिसतो. हत्यार लागत नाही, पण क्लिप हरवली की फिन निसटते.
- दाबून बसणारे, खटक्याचे प्रकार. बदलायला झटपट, पण एका कंपनीची फिन दुसऱ्या कंपनीच्या बोर्डला बहुतेक वेळा बसत नाही.
- कायमच्या चिकटवलेल्या मऊ फिन. हरवत नाहीत, पण बदलताही येत नाहीत.

इथे धंद्याचा धडा आहे. स्वस्त मिळाले म्हणून दोन बोर्ड एका कंपनीचे, तीन दुसऱ्या, तीन तिसऱ्या असे घेतले, तर तुम्हाला तीन प्रकारच्या फिन, तीन प्रकारच्या क्लिपा आणि तीन प्रकारचे सुटे भाग ठेवावे लागतात. सगळ्या बोर्डांना एकच बॉक्स हा नियम पहिल्या खरेदीपासून पाळा. भरती-ओहोटीच्या पाण्यात दिवसातून दोनदा फिन बदलावी लागणार असेल, तर विचारायचा प्रश्न एकच: "एक माणूस आठ बोर्डांच्या फिन किती मिनिटांत बदलेल?" दुकानात उभे राहून स्वतः बदलून बघा, घड्याळ लावून.

आता आकडेमोड. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा एका फेरीचं भाडं ५०० रुपये, दिवसाला चार फेऱ्या. शनिवारी सकाळी एका बोर्डची क्लिप हरवली आणि जवळ दुसरी नाही. शनिवार-रविवार तो बोर्ड उभा. २ दिवस × ४ फेऱ्या × ५०० = ४,००० रुपये गेले, एका बोटाएवढ्या क्लिपेपायी. मे महिन्यात तर कुरिअर यायला चार दिवस लागले की हिशोब दुप्पट. आणि पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे बुडालेला दिवस भरून काढायला पुढचा महिना मिळतोच असं नाही.

म्हणून आठ बोर्डांसाठी माझी शिफारस अशी:

- आखूड मऊ फिन: ८ आणि वर २ जादा
- लांब फिन: ८ आणि वर १ जादा
- क्लिपा किंवा स्क्रू-पट्ट्या: बोर्डांच्या दुप्पट
- स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू, साधे लोखंडी खाऱ्या पाण्यात गंजून बसतात आणि मग बॉक्सच कापावा लागतो
- स्क्रू आणि पट्टी एकाच मापाची. काही स्क्रू मेट्रिक मापाचे असतात, काही अमेरिकन. दिसायला सारखे, पण एकमेकांत घातले की आटे जातात

तुमच्या पाण्यावर चाचणी घ्या

विक्रेत्याचं ऐका, पण निर्णय चाचणीवर घ्या. एक सकाळ पुरे.

१. वारा नसताना, भरती पूर्ण होऊन पाणी थांबलेलं असताना जा.
२. तीन माणसं घ्या: एक हलका, एक मध्यम, एक वजनदार. तिघांपैकी निदान दोघे नवखे हवेत. तुम्ही स्वतः चालवून उपयोग नाही, तुमचा हात सरावलेला आहे.
३. बोर्ड सरळ धरून फक्त एकाच बाजूला वल्हं मारायला सांगा. बोर्ड काटकोनात वळेपर्यंत किती वल्ही झाली ते मोजा. आकडा जास्त म्हणजे बोर्ड जास्त सरळ चालतो.
४. मग जागच्या जागी पूर्ण उलट फिरायला सांगा. किती वल्ही लागली ते लिहा. आकडा कमी म्हणजे वळायला सोपा.
५. फिन बदला आणि तेच परत करा.

वहीत तीन माणसं आणि दोन फिन असा तक्ता तयार होईल. आखूड फिनवर वजनदार माणसाचा बोर्ड फारच भटकत असेल, तर त्याच्यासाठी बाजूच्या दोन फिन असलेला एखादा मोठा बोर्ड राखून ठेवा. आणि आखूड फिन लावलेल्या दिवशी ग्राहकाला निघण्याआधीच सांगा, "ताई, आज पाणी कमी आहे म्हणून छोटी फिन लावलीय. तीन वल्ही उजवीकडे, तीन डावीकडे, असं करत राहा." एवढं सांगितलं की तोच बोर्ड "बेकार" राहत नाही. कारण माहीत असलेली गैरसोय लोक सहन करतात.

फिनला दोष देण्याआधी हे तपासा

- फिन उलटी बसवली आहे का? टोक बोर्डच्या मागच्या दिशेला झुकलेलं हवं. नव्या मदतनिसाकडून ही चूक हमखास होते. फिनवर रंगाने बाण काढून ठेवा.
- हवा पुरेशी आहे का? फुगवायचा बोर्ड साधारण १२ ते १५ पीएसआय मागतो, नेमका आकडा व्हॉल्व्हजवळ लिहिलेला असतो. हवा कमी असेल तर बोर्ड मधे वाकतो आणि कुठलीही फिन नीट काम करत नाही. उलट, भरलेला बोर्ड दुपारच्या उन्हात टाकू नका, आतली हवा तापून दाब वाढतो.
- मऊ फिन गुंडाळून ठेवल्याने वाकली आहे का? गरम पाणी ओता, हाताने सरळ धरा, मग थंड पाणी ओता.
- बॉक्समध्ये वाळू अडकली आहे का? रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.

एक गोष्ट फिनची नाही, पण तिच्याशी जोडलेली आहे. तिवरांच्या मुळांत किंवा ओढ असलेल्या पाण्यात घोट्याला बांधलेला दोर अडकला तर माणूस सुटू शकत नाही. अशा जागी कंबरेला लावायचा, ओढला की सुटणारा दोर वापरा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येत असो वा नसो. आणि महाराष्ट्रात मेरीटाईम बोर्डाची परवानगी हातात आल्याशिवाय पहिलं भाडं घेऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या जागेचा नकाशा हाताने काढा. खोल, उथळ, दगड, तिवर, जाळी अशा खुणा करा.
२. पंचांग आणि भरतीचं कोष्टक घेऊन पुढच्या महिन्यातल्या चार शनिवार-रविवारच्या फेऱ्या मांडा. प्रत्येक फेरीपुढे लिहा: लांब फिन, आखूड फिन की रद्द.
३. त्यातल्या किती फेऱ्या "आखूड" निघाल्या ते मोजा. निम्म्याहून जास्त असतील, तर बोर्ड घेतानाच आखूड किंवा तीन फिनवाला घ्या, लांब फिनवर पैसे घालू नका.
४. तीन विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारा: "बॉक्स कोणता, आणि सुटी फिन व क्लिप किती दिवसांत मिळेल?" ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडचा बोर्ड कितीही स्वस्त असो, यादीतून काढा.

हा तक्ता तयार झाला की मगच बोर्डची ऑर्डर द्या. पुढच्या पाठात आपण फेरीचं भाडं, अनामत रक्कम आणि हरवलेल्या-तुटलेल्या वस्तूंची भरपाई ग्राहकाकडून वाद न होता कशी घ्यायची, ते पाहू. वही तयार ठेवा.